‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ पहिल्यांदा बघताय? मग या क्रमाने बघा

"त्या आंगच्या मालिकेतले सगळ्यात भारी भाग कोणते? पाच-सहा नावं पाठव, शनिवार-रविवारी बघून टाकतो." असा मेसेज मला वर्षातून तीन-चार वेळा तरी येतोच. मी नावं पाठवत नाही. आवडते भाग आहेत, आणि त्यांच्याबद्दल बोलायला बसले की समोरचा चहा गार होतो. पण ते सुटे काढून बघण्यासारखे नाहीत. ज्याला आपण ओळखतच नाही असा माणूस पडद्यावर रडला तर आपल्याला काय होणार? आधी त्याची ओळख व्हावी लागते, मग सवय, आणि त्याच्या त्याच त्या विनोदांचा थोडा कंटाळासुद्धा यावा लागतो. तेवढं झालं की मग तो नुसता गप्प बसला तरी आपल्या घशात आवंढा येतो.

म्हणून नुसती नावं न पाठवता हे सविस्तर लिहिते आहे. माझे आवडते भाग यात येतील, पण ते ज्या वळणावर तुमच्यासमोर यायला हवेत त्याच वळणावर. मोठे धक्के मी फोडलेले नाहीत, तेव्हा निर्धास्त वाचा.

पायरी १: बरोबर ‘अवतार’ उघडा

हे सांगावं लागतं, कारण या नावाखाली बरंच काही सापडतं. निळ्या माणसांचा २००९ मधला चित्रपट वेगळा, त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही. २०१० मध्ये या मालिकेवरच एक चित्रपट आला. २० भागांची गोष्ट त्यात पावणेदोन तासांत कोंबली आहे आणि नायकाचं नावसुद्धा वेगळंच उच्चारलं आहे. तो आत्ता बघू नका. खरं तर नंतरही नाही बघितलात तरी चालेल. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर खऱ्या नटांना घेऊन केलेली आठ भागांची मालिका आली, तीही थोडी बाजूला ठेवा.

आपल्याला हवी ती अ‍ॅनिमेशन मालिका. फेब्रुवारी २००५ ते जुलै २००८ या काळात ती अमेरिकेत निकलोडियन वाहिनीवर दाखवली गेली. मायकेल दान्ते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झको हे तिचे निर्माते. काही देशांत तिचं नाव ‘द लेजंड ऑफ आंग’ असं आहे, गोंधळू नका, मालिका तीच. टक्कल केलेला मुलगा आणि त्याच्या डोक्यावर निळा बाण दिसला की तुम्ही बरोबर दारात उभे आहात.

एकूण ६१ भाग, प्रत्येक साधारण २३ मिनिटांचा. म्हणजे सगळे मिळून चोवीस तासांच्या आत. रोज रात्री जेवण झाल्यावर दोन बघितले तर महिन्याभरात होतात. तीन सीझन आहेत आणि निर्माते त्यांना ‘बुक’ म्हणतात: जल, पृथ्वी, अग्नी. मी त्यांना पर्वं म्हणते. युद्ध, वनवास, भाऊबंदकी आणि गुरू-शिष्य इतकं सगळं असलेल्या गोष्टीला तोच शब्द शोभतो.

पायरी २: आवाज मूळचेच ठेवा

इंग्रजी सवयीचं नसेल तर सबटायटल लावा, पण आवाज मूळचे ऐका. त्याचं कारण एकच माणूस आहे: आयरो काका. हा चहाचा नादी, गोल पोटाचा, सारखा जांभया देणारा म्हातारा. पहिल्या दोन पर्वांत त्याला आवाज दिला आहे माको यांनी. हे जपानी-अमेरिकन नट, तरुणपणी ऑस्करचं नामांकन मिळवलेले. त्यांचा आवाज थोडा घोगरा, थोडा लाडिक, आणि तळाशी काहीतरी दडवलेला. ते दडवलेलं हळूहळू वर येतं, आणि डब केलेल्या आवाजात ते सापडेलच असं नाही.

अगदी लहान मुलांबरोबर बघणार असाल आणि हिंदी आवृत्ती हाताशी असेल तर मात्र बिनदिक्कत ती लावा. मुलांना गोष्ट कळणं महत्त्वाचं.

पायरी ३: पहिले तीन भाग एका बैठकीत

जग आधी समजून घ्या. चार राष्ट्रं आहेत आणि प्रत्येकात काही माणसं एकेक तत्त्व हाताळू शकतात: पाणी, पृथ्वी, अग्नी, वायू. या कलेला मालिकेत ‘बेंडिंग’ म्हणतात. चारही तत्त्वं हाताळू शकणारा एकच, तो अवतार. एक अवतार गेला की दुसरा पुढच्या राष्ट्रात जन्म घेतो: अग्नी, वायू, जल, पृथ्वी आणि पुन्हा अग्नी. आपल्या कानाला अवतार म्हटलं की दशावतार आठवतात, पण इथली कल्पना त्यापेक्षा पुनर्जन्माच्या जवळची आहे. आत्मा तोच, माणूस नवा, आणि आधीच्यांचा सल्ला घ्यायची सोय.

शंभर वर्षांपूर्वी अग्निराष्ट्राने युद्ध सुरू केलं आणि नेमका तेव्हाच अवतार नाहीसा झाला. पहिल्या भागात कतारा आणि सोक्का ही भावंडं दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फात गोठलेल्या त्या अवताराला, म्हणजे आंगला, शोधून काढतात. तो बारा वर्षांचा आहे, आणि डोळे उघडल्यावर त्याला पहिल्यांदा पेंग्विनवर बसून घसरगुंडी खेळायची आहे.

पहिले दोन भाग बघून बरेच जण म्हणतात, छान आहे, पण लहान मुलांचं आहे. त्यांना मी म्हणते, तिसरा लगेच लावा. ‘द सदर्न एअर टेंपल’. आंग आपल्या मठात परत जातो. त्याच्या लेखी तो चार दिवसांपूर्वीच तिथून निघालेला. मित्रांना तो मठ दाखवायला त्याची केवढी घाई! एका खोलीत त्याला जे दिसतं ते पडद्यावर काही क्षणच आहे, पण त्यानंतर ही मालिका लहान मुलांची आहे असं कोणी म्हणत नाही.

एक गोष्ट इथे बघून ठेवा. आंगला वाढवणाऱ्या भिक्खूंचं नाव ग्यात्सो. सध्याच्या दलाई लामांच्या नावातही हा शब्द आहे, तेन्झिन ग्यात्सो. पुढे एका भागात हेही कळतं की हजारो खेळण्यांतून लहान आंगने जी चार निवडली ती आधीच्या अवतारांची होती, त्यावरून तो ओळखला गेला. तिबेटमध्ये पुनर्जन्म घेतलेल्या लामांना अशाच वस्तू पुढे ठेवून ओळखतात. वायुभटक्यांचे, म्हणजे आंगच्या लोकांचे, मठ कुठून आले हे यावरून लक्षात येईल. तसंच कतारा-सोक्काच्या जलटोळ्यांच्या मागे ध्रुवाजवळचे इनुइट लोक आहेत.

पायरी ४: बाराव्या भागापर्यंत धीर धरा

चौथ्यापासून अकराव्यापर्यंत मालिका थोडी रमतगमत चालते. नवं गाव, नवी अडचण, सुटका, पुढचं गाव. काही भाग चांगले आहेत, काही बेताचे. वेळ अगदीच कमी असेल तर अकरावा भाग ‘द ग्रेट डिव्हाइड’ सोडला तरी कथेचा धागा तुटत नाही. चाहत्यांमध्ये तो सगळ्यात कमकुवत भाग मानला जातो, आणि पुढे तिसऱ्या पर्वात खुद्द मालिकेनेच त्याची हसत हसत दखल घेतली आहे.

मग येतो बारावा, ‘द स्टॉर्म’. इथे माझ्या आवडत्या भागांची खरी यादी सुरू होते.

तोपर्यंत झुको हा तुमच्यासाठी फक्त खलनायक असतो. अग्निराष्ट्राचा राजपुत्र, चेहऱ्यावर डाव्या डोळ्याभोवती भाजल्याची मोठी खूण, अवताराला पकडायचा ध्यास, आणि सतत ओरडणं. या भागात समुद्रात वादळ उठतं. एका गुहेत आंग कताराला आपल्या पळून जाण्याची गोष्ट सांगतो, आणि तिकडे जहाजावर झुकोचा काका आयरो खलाशांना झुकोच्या चेहऱ्यावरची ती खूण कशी आली ते सांगतो. दोन्ही गोष्टी आलटून पालटून चालतात, आणि हळूहळू लक्षात येतं की या दोन मुलांना मोठ्यांनी जवळजवळ एकाच वयात एकटं पाडलंय. एकाला प्रेमापोटी घेतलेल्या चुकीच्या निर्णयाने, दुसऱ्याला... ते तुम्हीच बघा.

लगेच पुढचा, ‘द ब्लू स्पिरिट’, त्याच रात्री बघा. शेवटच्या दोन मिनिटांत जंगलात आंग एक साधा प्रश्न विचारतो. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मालिकेने पुढची जवळजवळ तीन वर्षं घेतली आहेत.

पायरी ५: हातापायांकडे बघा

एव्हाना तुम्हाला लढाया आवडू लागल्या असतील. आता एक भाग फक्त हालचाली बघण्यासाठी पुन्हा लावा. इथे कोणी नुसता हात पुढे करून ज्वाळा सोडत नाही. प्रत्येक तत्त्वाला चीनमधली एक खरी युद्धकला नेमून दिलेली आहे, आणि सिफू किसू नावाचे कुंग-फूचे गुरू सल्लागार म्हणून निर्मात्यांबरोबर होते.

पाणी म्हणजे ताई ची. कताराचे हात कधी थांबत नाहीत, घेतलेलं तेच परत देतात. पृथ्वी म्हणजे हुंग गार. पाय फाकवून, खाली बसून, जमिनीत रुतल्यासारखं उभं राहायचं. अग्नी म्हणजे उत्तर शाओलिन, लांब पल्ल्याचे ठोसे आणि लाथा. वायू म्हणजे बाग्वाझांग, ज्यात वर्तुळात चालत राहायचं. आंग समोरासमोर वार घेत नाही, तो समोरच्याच्या भोवती फिरतो आणि निसटतो. हे एकदा दिसलं की त्याचा स्वभाव आणि त्याची लढण्याची रीत एकच आहे हे कळतं, आणि दुसऱ्या पर्वात त्याला पृथ्वी शिकायला इतकं जड का जातं तेही. ज्याला आयुष्यभर बाजूला सरकायला शिकवलं, त्याला आता म्हणतात, जागचा हलू नकोस.

पहिल्या पर्वाचे शेवटचे तीन भाग सलग बघा. त्यानंतर एक दिवस थांबलात तर बरं.

पायरी ६: दुसरं पर्व सावकाश

मला विचाराल तर हे सगळ्यात उत्तम पर्व. एकही भाग सोडू नका.

सहाव्या भागात टॉफ येते. बारा वर्षांची, जन्मापासून आंधळी, श्रीमंताघरची. तळपायांनी जमिनीतली कंपनं ओळखून ती ‘बघते’. टॉफची युद्धकला बाकीच्या पृथ्वीवाल्यांपेक्षा वेगळी आहे. तिच्यासाठी खास दक्षिणेकडची एक शैली निवडली, आखूड पावलांची, जमिनीला चिकटून राहणारी. तिच्या आईवडिलांना वाटतं की ती नाजूक आहे. अपंग मूल असलेल्या कुठल्याही घरात हा भाग जरूर बघावा असं मला वाटतं, कारण टॉफला कोणाची दया नको असते आणि मालिकाही तिच्यावर कधी दया करत नाही.

सातवा, ‘झुको अलोन’. यात आपली नेहमीची मंडळी नाहीतच. उन्हातान्हात, उपाशी, एकटा झुको एका शेतकऱ्याच्या घरी थांबतो. छप्पर दुरुस्त करायला मदत करतो आणि खिळ्याऐवजी अंगठ्यावर हातोडी मारून घेतो. त्या घरातला छोटा मुलगा त्याच्या मागे मागे असतो. मधून मधून लहानपणीच्या आठवणी येतात, त्याच्या आईच्या. शेवटी गावासमोर त्याला आपलं खरं नाव सांगावं लागतं. पुढे त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यासाठी सगळा भाग रचलेला आहे.

नववा, ‘बिटर वर्क’. नवख्यांच्या यादीत हा फारसा कोणी घालत नाही, मी मात्र वरच्या पाचांत घालते. एकीकडे टॉफ आंगला पृथ्वी शिकवते, दुसरीकडे आयरो झुकोला वीज शिकवतो. आपल्यावर पडणारी वीज कशी परतवायची, ते. बोटांच्या टोकातून घ्यायची, हातातून खांद्याकडे न्यायची, तिथून खाली पोटात उतरवायची आणि दुसऱ्या हाताने बाहेर सोडायची. हृदयाच्या वाटेने ती जाता कामा नये. ही युक्ती आयरोने शोधली ती पाणी हाताळणाऱ्यांना बघून, म्हणजे शत्रूकडून. काठीने मातीत चार राष्ट्रांच्या खुणा काढून तो पुतण्याला समजावतो की शहाणपण एकाच ठिकाणाहून घेतलं तर ते शिळं होतं. इतका चांगला वर्ग मी फार कमी ठिकाणी बघितला आहे, आणि मी शिकवण्याच्याच कामात आहे.

दहावा आणि अकरावा भाग जोडून बघा, दहाव्यावर टीव्ही बंद केलात तर झोप लागणार नाही. कारण अप्पा. अप्पा म्हणजे आंगचा उडणारा सहा पायांचा रानरेडा. आपल्याकडे अप्पा म्हटलं की घरातले वडीलधारे डोळ्यांसमोर येतात, आणि गंमत म्हणजे ते नाव इथे चपखल बसतं. बोलणं कमी, सगळ्यांना पाठीवर घेणं, आणि रागावले तर घरात शांतता. सोळावा भाग, ‘अप्पाज् लॉस्ट डेज’, पूर्ण त्याच्या नजरेतून आहे. प्राण्यांवर जीव असणाऱ्यांनी तो एकट्याने बघू नये, शेजारी कोणीतरी हवं.

चौदाव्यापासून बा सिंग से हे प्रचंड तटबंदीचं शहर सुरू होतं. शहरात युद्धाचा उच्चार करायला बंदी आहे, आणि ‘दाई ली’ नावाचे गुप्त पोलीस हसतमुखाने सगळ्यांवर लक्ष ठेवतात. हे नाव चीनच्या इतिहासातून उचललेलं आहे, कुओमिंतांग या राष्ट्रवादी पक्षाच्या हेरखात्याच्या प्रमुखाचं. मुलांच्या वाहिनीवर हे दाखवण्याची हिंमत त्यांनी केली याचं मला आजही कौतुक वाटतं.

पायरी ७: ‘द टेल्स ऑफ बा सिंग से’, दिवे मालवून

दुसऱ्या पर्वाचा पंधरावा भाग. सहा छोट्या गोष्टी, एकेकाचा शहरातला एकेक दिवस. कथा पुढे जात नाही. ज्याने सुटे भाग मागवले होते त्याला मी हाच पाठवला असता, तर त्याने विचारलं असतं, यात घडतं काय?

दुसरी गोष्ट आयरोची आहे. तो बाजारात एक टोपली घेतो. वाटेत रडणाऱ्या पोराला गाणं म्हणून हसवतो. गल्लीत एक चोर त्याला सुरा दाखवतो, तर आयरो त्याची उभं राहायची पद्धतच चुकीची म्हणून ती सुधारून देतो आणि मग दोघं बसून चहा पितात. संध्याकाळी तो शहराबाहेरच्या टेकडीवर एका झाडाखाली जातो आणि टोपली उघडतो. त्यात काय आहे ते सांगणार नाही.

मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा आई शेजारी मटार सोलत बसली होती. तिला इंग्रजी फारसं कळत नाही आणि कार्टूनकडे ती बघतही नव्हती. त्या टेकडीवर आयरो मघाचंच गाणं पुन्हा म्हणायला लागला, आणि दुसऱ्या ओळीला त्याचा आवाज फुटला. शेंग मोडल्याचा आवाज थांबला म्हणून मी वळून बघितलं. आई पडद्याकडे बघत होती, दाणे तसेच मुठीत. "याचं कोण गेलं गं?" तिने विचारलं. तिला एकही शब्द कोणी समजावून दिला नव्हता.

गोष्ट संपली की पडद्यावर माको यांच्या स्मरणार्थ एक ओळ येते. हा भाग प्रक्षेपित होण्याआधीच, जुलै २००६ मध्ये, ते गेले होते. तिसऱ्या पर्वात आयरोचा आवाज ग्रेग बाल्डविन यांचा आहे, आणि फरक कळू नये इतक्या मायेने त्यांनी तो सांभाळला आहे. त्या ओळीनंतर चौकटी पुढे सरकू देऊ नका. दोन मिनिटं थांबा.

पायरी ८: ‘द गुरू’ मराठी कानांनी ऐका

एकोणिसाव्या भागात आंग गुरू पथिकांकडे जातो. अमेरिकन प्रेक्षकांना ‘पथिक’ हे नुसतं एक नाव, आपल्याला त्याचा अर्थ ऐकता क्षणीच कळतो. ते त्याला शरीरातली सात चक्रं उघडायला शिकवतात, आणि मध्ये कांदा-केळ्याचं सरबत पाजतात.

ज्यांनी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचला आहे त्यांना कुंडलिनी नवी नाही. पण मालिकेने केलेली मांडणी बारकाईने बघण्यासारखी आहे. पहिली चार चक्रं पृथ्वी, जल, अग्नी, वायू. मूलाधारापासून अनाहतापर्यंतचा परंपरेतला क्रम हाच आहे. पाचवं परंपरेत आकाशाचं, मालिकेत ध्वनीचं, आणि आकाशाचा गुण शब्द हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. म्हणजे कोणीतरी नीट अभ्यास केला होता. मालिकेची स्वतःची भर अशी की प्रत्येक चक्राला अडवणारी एक गोष्ट आहे: भीती, अपराधीपण, शरम, दुःख, खोटेपणा, भ्रम आणि शेवटी आसक्ती. चौथ्या चक्राशी आंगला ज्या दुःखाला सामोरं जावं लागतं ते तुम्ही तिसऱ्या भागातच बघितलेलं असतं. सातव्याशी तो अडतो. ज्या मुलीवर जीव आहे तिला मनातून सोडून द्यायचं, हे त्याला पटत नाही, आणि मलाही पटलं नव्हतं. घरात यावर वाद घाला, चांगला होतो.

मग लगेच विसावा भाग. दुसऱ्या पर्वाचा शेवट एकट्या दिवसासाठी राखून ठेवू नका.

पायरी ९: तिसरं पर्व

सुरुवातीचे भाग वेषांतर करून शत्रूच्या देशात फिरण्याचे आहेत. हलके आहेत, भराभर बघा. ‘द पपेटमास्टर’ मात्र लहान मुलांना रात्री दाखवू नका, पाणी हाताळण्याची कला किती भयानक होऊ शकते ते त्यात आहे.

तेराव्यात, ‘द फायरबेंडिंग मास्टर्स’मध्ये, अग्नीचा मूळ अर्थ सापडतो. तोवर आग म्हणजे संताप असंच तुम्ही मानत आलेले असता. इथे रंगांचा एक प्रसंग आहे, मोठ्या पडद्यावर बघता आला तर बघाच.

सोळावा, ‘द सदर्न रेडर्स’. आईला मारणाऱ्या माणसाच्या शोधात कतारा निघते. आंग तिला क्षमा कर म्हणतो. मुलांच्या मालिकेत यापुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक असतं असं वाटतं. कतारा त्या माणसाला शोधते, पडता पाऊस हाताने थांबवते, आणि मग जे करते ते मारणंही नाही आणि क्षमाही नाही. तिला बरं वाटावं म्हणून लेखकांनी कुठलाही सोपा शब्द तिच्या तोंडी घातलेला नाही. माझ्या लेखी ही या मालिकेतली सगळ्यात प्रामाणिक २३ मिनिटं आहेत.

सतरावा भाग, ‘द एम्बर आयलंड प्लेयर्स’, विनोदी आहे म्हणून वगळू नका. यातली मंडळी स्वतःच्याच गोष्टीवरचं एक सुमार नाटक बघायला जातात. शेवटाआधीची उजळणी होते आणि कोणाच्या मनात काय सलतंय तेही कळतं.

पायरी १०: शेवटचे चार भाग एका संध्याकाळी

‘सोझिन्स कॉमेट’ १९ जुलै २००८ रोजी चारही भाग जोडून दाखवला गेला होता. तसाच बघा. जेवण आधी उरकून घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

तीन ठिकाणी लक्ष द्या. एक, दुसऱ्या भागातला तंबू. कोणीतरी रात्रभर काय बोलायचं ते ठरवून बसलेलं असतं आणि त्यातलं जवळजवळ काहीच बोलावं लागत नाही. दोन, आरशासमोरचा प्रसंग. ज्या माणसाचा तुम्ही दोन पर्वं तिरस्कार केला, त्याच्यासाठी पोटात कालवतं. तीन, शेवटची ‘अग्नी काय’. या दोन शब्दांचा प्रश्न म्हणून अर्थ लावू नका, अग्निराष्ट्रातल्या द्वंद्वयुद्धाचं ते नाव आहे, आणि त्यातला ‘अग्नी’ संस्कृतातलाच. एवढ्या मोठ्या लढाईला त्यांनी रणवाद्यं लावलेली नाहीत. संथ, रडवेल्या सुरावटीवर निळी आणि नारिंगी आग एकमेकींवर आदळत राहते. कोण जिंकणार याची उत्सुकता तिथे संपते, आणि हे कोणावरच यायला नको होतं एवढंच वाटत राहतं.

पायरी ११: नंतर

‘द लेजंड ऑफ कोरा’ ही पुढच्या अवताराची मालिका, २०१२ ते २०१४, ५२ भाग. चांगली आहे, पण महिनाभर तरी हात लावू नका, नाहीतर प्रत्येक क्षणी तुलना करत बसाल. त्याऐवजी पहिल्या पर्वात परत जा. ‘द स्टॉर्म’ पुन्हा लावा आणि आयरो जिथे खलाशांना ती गोष्ट सांगतो तिथे या. आठवणीतलं मैदान, भोवती गर्दी. पहिल्या वेळी तुमचे डोळे मैदानाच्या मधोमध खिळलेले होते. आता प्रेक्षकांकडे बघा. आयरो बघवत नाही म्हणून मान फिरवतो. त्याच गर्दीत एक मुलगी आहे, दुसऱ्या पर्वात जिची नीट ओळख होणार होती ती. तिने मूठ आवळलेली आहे आणि ती हसते आहे.